सरांनी दिलेली ओ

सुताराच्या दुकानावरून जाताना सरसाचा वास आला, की मला आमचे हिब्रूचे सर आठवतात. सोलापुरात ते आम्हां पाचसहा जणांना हिब्रू आणि बायबल शिकवायचे, चर्चसाठी गाणी रचायचे आणि उरलेल्या वेळात बाजाच्या पेट्या सरस लावून दुरुस्त करायचे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचं मराठी पार गेलं, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, म्हणजे मावशींनी, मला बोलावून घेतलं. दुपार होती, शेजारचे यंत्रमाग खडखडत होते. "दिवसभर एकच शब्द म्हणतात बघ. तुला तरी कळतोय का?" तेवढ्यात वीज गेली, माग थांबले आणि सर दाराकडे बघत हळूच म्हणाले, "हिनेनी." मी सांगितलं, "मावशी, हिब्रूत हाकेला ओ देतायत ते. 'हा मी, इथंच आहे' म्हणतायत." मावशींनी त्यांचा हात धरून "अहो" म्हटलं, मग चक्क नावानं हाक मारली. सरांनी मानही वळवली नाही. "मग मला का ओ देत नाहीत?" मावशी म्हणाल्या. दारात कोणीच नव्हतं. तिकडे बघत सर हसले आणि पुन्हा तेच बोलले. त्याच आठवड्यात ते गेले. आता घरात एकटी असताना कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, तर मी ओ देत नाही.