शेवटच्या पानाकडून

नसरापूरला वडापच्या रिक्षात शिटं भरायची वाट बघत बसलो होतो. शेजारचा म्हणाला, "तात्या, भोरचे वकीलसाहेब गेले." मी म्हणलं, "गेले तर गेले. रिक्षा हलव म्हणावं ड्रायव्हरला." मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. जिवंतपणी तोंडावर बोललोय, आता गोड झालो तर तेच वरून हसतील.

अनंतराव वकील... भोरच्या कोर्टात काळा कोट घालायचे, आणि कुठं पूर, वादळ आलं की ओळखीची माणसं गोळा करून टेम्पो भरून निघायचे. आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला. ओढ्याला पूर आला तेव्हा पहिल्यांदा आले. चावडीपुढं टेम्पो लावला, ब्लँकेटं वाटली. पुढं उभे होते त्यांना मिळाली, ज्याचा हात लांब त्याला दोनदा मिळाली. वरच्या कातकरी वाडीची माणसं उतरून येईस्तोवर टेम्पो रिकामा. जगरहाटीच आहे ती. पण हा माणूस पाणी ओसरल्यावर परत आला, हात हलवत. देवळाच्या पायरीवर बसून एकेकाला विचारायला लागला, "आमचं चुकलं कुठं?" देणाऱ्यानं घेणाऱ्याला असं विचारावं? मला ते नाटक वाटलं. वाडीतली ठमाबाई म्हातारी तेवढी बोलली, "सायब, तुमची पंगत आमच्यापत्तुर येती तवा खरकटंबी उरत न्हाई."

झालं. म्हातारीचं वाक्य त्यांनी गाठीला बांधलं. तेव्हापासून वाढप शेवटच्या पानाकडून. नुसती मदत नाही, आमच्या जत्रेच्या जेवणालासुद्धा वाढप्याचा दंड धरून त्याला पंगतीच्या शेपटाला न्यायचे. पहिलं पान माझं, गावच्या पाटलाचं, माझ्या बापाचंही तेच होतं. त्यावर निवलेला भात पडायला लागला. पोरं हसायची, "तात्या, भात फुंकायची कटकट गेली."

मग वादळ आलं. आमच्या घराचे पत्रे उडून भातखाचरात पडले. बायको दमेकरी. टेम्पोचा आवाज आला तसा मी चावडीवर सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. वकिलांनी मला नमस्कार केला आणि टेम्पो वर वाडीकडं नेला. परत खाली आले तेव्हा ताडपत्र्या संपलेल्या. बायको गोठ्यात म्हशीला अंग लावून बसली. गोठाही गळत होता. तापानं फणफणली. वाचली, पण तो खोकला तिच्या छातीत बसला तो अजून उठला नाही. ह्याचं काय करायचं सांगा.

पुढं ते आलेच, रीतीप्रमाणं. माझ्या ओट्यावर बसले. "तात्या, आमचं चुकलं कुठं?"

"माझी बायको भिजली. आन् पाटलाला तुमी शेपटाला बसवलं."

ते गोठ्याकडं बघत म्हणाले, "वाडीला आधी दिलं ही चूक नाही, तात्या. त्यांना गळका गोठाही नव्हता. तुमच्यापर्यंत पुरलं नाही, ही चूक. ती माझी."

"मला दोन्ही येकच."

"एक नाही, तात्या."

एवढं ऐकूनही बायकोनं त्यांना चहा दिला. त्या दिवशी मी तिच्याशीही बोललो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी वकिलांनी ताडपत्र्यांची थप्पी आणून आमच्या शाळेच्या खोलीत ठेवली. त्यानंतर कुणाला कमी पडलं नाही, हे खरं. तरी मी माफ केलं नाही. बायकोनं केलं असेल, तिचं ती जाणे. मी चौथी शिकलेला माणूस, त्यांचा तो चुकीचुकीतला फरक मला कळत नाही, पण खोकला मला रोज ऐकू येतो.

तेराव्याला भोरला गेलो, तेही तिनं धाडलं म्हणून. पंगत बसली. मी मुद्दाम शेवटचं पान धरलं. म्हणलं, ह्यांच्या रीतीनं एकदा तरी गरम भात खाऊ. शेजारच्या पानावर ठमाबाई. वाढायला केटररची पोरं. त्यांनी पहिल्या पानाकडून सुरुवात केली. भात तिकडं वाफाळत होता. आमची पानं कोरडी. ठमाबाई मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली होती, जन्मभराची सवय असल्यागत. माझं डोकं सणकलं.

"ए, हिकडनं वाढ."

पोरगं म्हणालं, "आजोबा, पंगत पहिल्या पानापासून वाढतात."

म्हणलं, "ह्या घरात न्हाई."