खरी आई पाचव्या ओळीत

ओडेल फाव्र आमच्या पोर्ट सलीनच्या गोदीत बत्तीस वर्षं वेल्डिंग करते. तिची दोन्ही मुलं शाळेत माझ्या हाताखाली शिकली, म्हणून ती मला अजून बाई म्हणते. नव्या युद्धनौकेचा कणा बसवतात तेव्हा जहाजाची धर्ममाता म्हणून निवडलेली बाई पोलादी पाटीवर खडूने आपली आद्याक्षरं लिहिते आणि ओडेल ती वेल्डिंगने कायमची करते. अशा अकरा धर्ममाता तिने पाहिल्या. बहुतेक कुणा ना कुणा साहेबांच्या बायका.

बाराव्या जहाजाला तिच्या भावाचं नाव मिळालं. ल्यूशस नौदलात जखमींची मलमपट्टी करायचा. व्हिएतनाममध्ये भर गोळीबारातून त्याने चौघांना ओढून आणलं. पाचव्यासाठी गेला, तो परतला नाही. विशीतला पोरगा. पदक लवकर मिळालं, पण जहाजाला नाव मिळायला चव्वेचाळीस वर्षं गेली. आणि धर्ममाता कोण, तर पोलाद पुरवणाऱ्या एका मालकाची बायको! ल्यूशसची आई, आमच्या व्हर्लीनमावशी, सत्त्याऐंशीव्या वर्षी याच गावात हिंडत्याफिरत्या असताना.

ओडेल व्यवस्थापकाकडे गेली.

"त्यांच्या वयाचा विचार केला गं," तो म्हणाला. "मंचाला सात पायऱ्या आहेत."

"चर्चला अकरा आहेत. आई दर रविवारी चढते. तुम्ही येत असता तर दिसली असती."

समारंभात मावशींना पाचव्या ओळीत बसवलं. मी शेजारी होते. भाषणं तीन झाली, आईचा उल्लेख एकातही नाही.

धर्ममाता म्हणून आलेल्या पाहुण्या बाईंनी अक्षरं लिहिली. ओडेलने यंत्र सुरू केलंच नाही. खडू घेऊन ती खाली आली.

"आई, चल."

व्यवस्थापक धावला. "ओडेल, लोक थांबलेत."

"मग दुसरा कुणी वेल्डर बोलवा."

त्याने बाकीच्या वेल्डरांकडे पाहिलं. सगळे आपापले बूट न्याहाळत होते.

मावशी माझा हात धरून वर चढल्या. पाहुण्या बाई लगेच बाजूला सरकल्या. ल्यूशसची आई हयात आहे, हे त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"यांची पुसू नकोस हं," मावशी म्हणाल्या. "खाली जागा आहे." आणि आपली दोन अक्षरं लिहिली. ओडेलने दोन्ही ओळी सारख्याच निगुतीने वेल्ड केल्या.

'समारंभात व्यत्यय' म्हणून तिला आठवडाभर कामावरून दूर ठेवलं. गोदीच्या पुस्तिकेतल्या फोटोत खालची ओळ कापून टाकलेली. मी ती पुस्तिका संतापून तिच्यापुढे आपटली.

"बाई, फोटोला कात्री पुरते," ओडेल म्हणाली. "पोलादातलं कापायचं तर त्यांना मलाच बोलवावं लागेल."