कंडक्टरच्या मांडीवरची गाठ

गाठ दुखत नव्हती, हीच गोष्ट ममताला खात होती. मुका मार ठणकतो, काळानिळा पडतो आणि ओसरतो. तिच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या उजव्या मांडीवरची गाठ मात्र मुकाट्याने वाढत मोसंबीएवढी झाली होती.

मैत्रेयी दारव्हा आगारात कंडक्टर. "पोरीच्या जातीनं एसटीत कायले जावं?" असं चुलता नागोराव म्हणाला होता. पुढे तोच तिच्या गाडीत चढला आणि पुतणीकडून कसलं तिकीट घ्यायचं म्हणून खिडकीबाहेर बघत बसला. "काका, घरचा चहा फुकट हाय, गाडी नाही," असं तिने सगळ्यांदेखत सुनावलं. दारू पिऊन चढलेल्यांना ती अर्ध्या वाटेत उतरवी. चालत्या गाडीत दोन्ही हात तिकिटात गुंतलेले, म्हणून कंडक्टर मांडी सीटच्या लोखंडी कोपऱ्याला टेकवून उभे राहतात. तिच्याही मांडीवर कायम वळ असत.

उन्हाळ्याच्या तोंडावर उमरखेडच्या गाडीसमोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि तीच मांडी दांड्यावर आदळली. यवतमाळला सोनोग्राफी झाली. माराने साकळलेलं रक्त असावं, महिनाभरात कमी झालं नाही तर एमआरआय करा आणि रक्त नसून दुसरंच काही असलं तर ते पसरू नये म्हणून तोवर गाठीला सुई लावू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. महिना कधीच उलटला. मैत्रेयी ड्यूटीवरच.

आज दुपारी नागोराव आला तो सगळं ठरवूनच. "उद्या माह्या वळखीच्या डॉक्टरकडे चाल पोरी. सुईनं रक्त ओढून टाकते तो."

"आधी एमआरआय," ममता म्हणाली.

"वहिनी, तुमी शिकलेल्या लोकायले भेवच जास्त. मार लागला, रक्त गोठलं, खतम!"

"गोठलेलं रक्त असं वाढत नाही, भाऊजी."

"माह्या मांडीवर पंचायत नका भरवू," मैत्रेयी वैतागली. "ते गाठ काय आजची हाय का? दिवाळीपासून सोबत घेऊन फिरून राह्यली मी."

ममताने हातातला कप खाली ठेवला. "दिवाळीपासून? मार तर होळीनंतर लागला."

"तवा बोराएवढी होती वो आई. वाटलं, सीटचा कोपरा लागून लागून झाली असन. आमच्यात सगळ्यायलेच होते."

"अन् डॉक्टरले काहून नाही सांगतलं?" ममताने विचारलं.

"त्यायनं मार कधी लागला ते इचारलं. गाठ कधीची, ते कुठं इचारलं?"

ममताने रिपोर्टचं पाकीट पुढ्यात ओढलं. म्हणजे डॉक्टरांनी ती गाठ पाहिली ती माराची समजूनच. तिच्या मनातला शब्द तिने ओठांवर येऊ दिला नाही. "उद्या सुई लागणार नाही," ती म्हणाली.

"मी डॉक्टरले शब्द देल्ला, वहिनी!"

"तुमचा शब्द तुमच्यापाशी. मांडी माह्या लेकीची हाय."

मैत्रेयी आडवी आली. "तू डॉक्टरले सांगशीन तं आगारात मले टेबलावर बसवतीन. माही गाडीवरची लाइन जाईन!"

"बसवू दे. टेबलावरूनही भांडशीनच तू."

"आज रैवार हाय," नागोराव पुटपुटला.

ममताने रिपोर्टच्या पाकिटावरचा यवतमाळच्या डॉक्टरांचा नंबर लावला आणि फोन मैत्रेयीच्या हातात कोंबला. "तूच सांग. आधी गाठ, मंग मार. असंच सांग."