दगडावरचं शेवाळ

आमच्या कला महाविद्यालयाच्या आवारातला काळा दगड आम्हाला शिल्पकला शिकवणाऱ्या बाईंनी तरुणपणी घडवला. मधे एक खोलगट वळण, बाकी काही नाही. "हे नेमकं आहे काय?" असं आम्ही विद्यार्थी विचारायचो. बाई म्हणायच्या, "माझं काम झालंय, उरलेलं पाऊस करेल." पावसाने ते केलंही. त्या वळणात हिरवंगार शेवाळ धरलं आणि विचारणारे गप्प झाले.

काल तिथेच बाईंचा सत्कार झाला. त्यासाठी दगड ॲसिडने घासून काढला होता.

"बाई, कसा लख्ख केलाय बघा!" प्राचार्य म्हणाले.

बाईंनी वळणातून हात फिरवला. हात कोरडाच परत आला. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस रागवायलाही थकतो. मग चार भाषणं झाली आणि चौघांनीही बाईंचं निसर्गाशी असलेलं नातं उलगडून दाखवलं. मला वाटलं, आपण कुणाचाही मान करायचा म्हटलं की आधी त्याला पुसून घेतो. पण हे उठून सांगायचाही कंटाळा आला.

जेवणात ताक होतं. "यात मीठ घातलंय का हो?" बाईंनी वाढप्याला विचारलं. तो नाही म्हणाला, तशा त्या ग्लास घेऊन काठी टेकत दगडापाशी गेल्या आणि सगळं ताक वळणात ओतलं.

"अरे, फडकं आणा! बाईंच्या हातून सांडलं!" प्राचार्य ओरडले.

"सांडलं नाही, ओतलंय. ताकाने शेवाळ लवकर धरतं."

"लवकर म्हणजे किती?" मी विचारलं.

"मागच्या वेळी सात वर्षं लागली होती."

मी माझाही ग्लास ओतला.