पाल्याची जागा

या प्रकरणात मला वाट दाखवली ती मयताच्या आईने. हे आधी सांगतो, कारण कागदावर त्या माउलीचा उल्लेख कुठेच नाही.

साठच्या दशकातली गोष्ट, पण मनातून अजून जात नाही. मी सोलापूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला, खालापूर तालुक्यात नवा पोलीस शिपाई. चुकलो तर नोकरी जाईल, ही धास्ती सदा असायची.

पाताळगंगेच्या काठाने पूर्वी मालाची छोटी रेल्वे जुन्या बंदरापर्यंत जायची. रूळ केव्हाच उखडले होते, लोक त्या भरावावरून चालत. बंदराच्या धक्क्याला एका तरुण शेतकऱ्याचे प्रेत अडकलेले सापडले. डोक्याला जखम होती. थोरल्या भावाने जबाब दिला, "धाकटा एकलाच बंदराकडं मासं धरायला गेलता." खबऱ्याने सांगितले, मासे धरायच्या डोहावरून एका कातकऱ्याशी त्याची बाचाबाची झाली होती. कातकरी कोठडीत आला. फौजदार साहेबांनी फिरवून फिरवून विचारले. तो एकच म्हणे, "भांडलू, पन मी नाय मारला."

साहेबांनी मला भरावावरची ती वाट पाहून यायला सांगितले. मला मुलूख अनोळखी. मयताची आई ठाण्याच्या दारातच होती. म्हणाली, "चल पोरा, मी दावते."

आम्ही धक्क्यापासून नदीच्या वरच्या अंगाला चालू लागलो. म्हातारी रेल्वेच्या मोडक्या पुलापाशी थांबली. तिथे पाल्याचा लहानसा ढीग होता. खालचा पाला सुकलेला, वरची डहाळी ताजी, तिच्यावर दगड.

"आजी, हे काय?"

"वाटंवर मानूस जिथं मरतो, तिथं पाला टाकतात."

"पण तुमचा मुलगा तर बंदरावर सापडला."

ती भरावावर बसली. "सापडला तिथं. गेला इथं. थोरला रोज सकाळी इकडं येतो. मला म्हनतो, गुरं बघून येतो. गुरं तर दावनीला हायत."

"आजी, कळतंय ना काय सांगताय?"

"कळतंय म्हनून तर आनलं तुला. त्या कातकऱ्याला पन आय हाय."

ठाण्यावर थोरल्यापुढे मी ती डहाळी ठेवली. ती पाहताच तो ढसाढसा रडला. शेताच्या वाटणीवरून पुलावर जुंपली होती. "ढकलला, साहेब. मारायचा नवता." धाकटा दगडांवर आपटला, पाण्याने त्याला बंदरापर्यंत नेले. झटापटीत धाकट्याच्या हातून पडलेली कोयती थोरल्याने पुलाखाली दडवली होती, ती त्याने पंचांसमक्ष काढून दिली.

कातकरी सुटला तेव्हा म्हातारी ठाण्याच्या फाटकाशीच बसली होती. त्याला म्हणाली, "घरी जा रं. आय जेवली नसंल तुझी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं गुडघं रोज एवढं चालत नाय पोरा. आता पाला कोन टाकंल?"

पुढे पुष्कळ गुन्हे उकलले. माणूस पोलिसांपुढे खोटे बोलतो, पण मेलेल्यापुढे खोटे बोलू शकत नाही, हे मी तिथे शिकलो. आणि न्याय कुणाच्या तरी काळजाचा तुकडा घेऊनच होतो, हेही.

बदली होईपर्यंत त्या वाटेवर गस्त असली की मी डहाळी ठेवत असे. नंतर जाणे झाले नाही. आता ती नसणारच. पण पाय चालताहेत तोवर एकदा त्या काठाने जाणार आहे. एक डहाळी तिच्या लेकासाठी, एक तिच्यासाठी. तेवढे तिचे देणे माझ्याकडे राहिले आहे.