चार फेऱ्यांची मॅरेथॉन

मी पळायला लागलो तेव्हा नाशकात माझ्या वयाचा माणूस रस्त्यानं पळताना दिसला, की लोकांना एकच वाटायचं, याची बस चुकली. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. गंगापूर रोडला एक रिक्षावाला तर माझ्या शेजारून रिक्षा चालवत म्हणाला होता, "बसा काका, सोडतो सीबीएस स्टँडला. पैसे राहू द्या." मी चिडून म्हणालो, "मला कुठंच जायचं नाहीये." ते अगदी खरं होतं.

आई गेली त्याच वर्षीची ही गोष्ट. लग्न मी केलं नाही, घरात आम्ही दोघंच. सातपूरच्या कारखान्यातून यायला जरा वेळ झाला, की ती गॅलरीत उभी. मी जिन्यात असतानाच वरून सुरू व्हायची, "किती उशीर केलास!" मला राग यायचा. चाळिशीतल्या माणसाला हे काय? ती गेल्यावर मी सातला आलो काय अन् दहाला आलो काय, दाराला कुलूप तसंच लटकलेलं. घरी जाणं लांबवायचं म्हणून मी पळू लागलो. लोकांना सांगायचो, तब्येतीसाठी पळतो.

काही वर्षांनी मुंबईची हाफ मॅरेथॉन पळून आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं टाळ्या वाजवत होती, पण प्रत्येकाची नजर आपापलं माणूस शोधत होती. एक बाई आणि दोन मुली 'पप्पा' लिहिलेला पुठ्ठा घेऊन उभ्या होत्या. मला लांबून बघून त्यांनी तो उंच धरला. जवळ आल्यावर मी त्यांचा नाही हे कळलं, तसा खाली घेतला. इतकं एकटं मला कुलूप काढून रिकाम्या घरात शिरतानाही वाटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात फुल मॅरेथॉन पळायचं ठरवलं. कोणती, यावर कॅन्टीनमध्ये रोज चर्चा. जिना चढताना धापा टाकणारे उंटावरून शेळ्या हाकत होते. एक म्हणाला मुंबईच, सपाट रस्ता. दुसरा म्हणाला पुणं, तिथं थंडी चांगली. मी निवडली दिंडोरीच्या बाजूची, कोणी नावही न ऐकलेली. एका शाळेच्या मैदानावरून निघायचं, द्राक्षबागांमधून गोल फिरून दुसऱ्या बाजूनं परत यायचं. अशा चार फेऱ्या.

"चार वेळा तोच रस्ता? घाण्याचा बैल आहेस का?" सगळं टेबल हसलं. मीही हसलो. खरं कारण त्यांना काय सांगणार? एकदाच जाणाऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही. चारदा गेलो तर कोणीतरी ओळखेल, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि तसंच झालं. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडून थोडं पुढे गेलं, की रस्त्याला लागूनच एक घर होतं. पहिली फेरी सुरू होताना तिथली बाई अंगणात सडा टाकत होती. तिनं मानही वर केली नाही. दुसरीच्या वेळी ती शेंगा फोडत बसली होती, नुसती बघत राहिली. तिसरीला म्हणाली, "परत आले का भाऊ?" त्यावर मी पुढचा बराच रस्ता हसत पळालो. चौथीला ती थेट रस्त्यावर आली. "सकाळधरनं उपाशी पळताय, काय म्हणावं तुमाला! आता आले की थांबा. चहा ठेवते."

"हो," म्हणालो. पायांत गोळे आले होते, डोकं चालत नव्हतं.

ती शेवटची फेरी कशी संपवली ते नीट आठवत नाही. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते, बागांमधून मी एकटाच. फाटक आलं. संयोजकांपैकी दोघं हात करत होते, "काका, आत या! झालं, संपलं!" मी आत वळलो आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या घरावरून आता पुन्हा जायचंच नव्हतं. शेवट मैदानात होता आणि तिचं घर फाटकाच्या पुढे. ती चहा ठेवून बसलेली असणार, आणि मी येणार नव्हतो.

मी माघारी फिरलो. "अहो काका, लाइन इकडं आहे!" दोघं मागून ओरडत राहिले. पळवत नव्हतंच, पाय ओढत रस्त्यानं निघालो.

ती दारात उभी राहून रस्त्याकडेच बघत होती. मला बघताच सुरू झाली, "किती उशीर केला वो भाऊ! दोनदा गरम केला चहा."

मला तिथंच रडू फुटलं. ती बिचारी घाबरली. पाय लय दुखतात का, म्हणून विचारू लागली. मी हो म्हणालो आणि ओट्यावर बसलो. चहा हळूहळू प्यायलो. मॅरेथॉन अजून थोडी राहिली होती.