चेष्टा

हणमंत शेवाळे जयपूरला एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होता. विमानाचा पंखा हाताने फिरवताना इंजिन एकदम सुरू झालं आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटून पडली. घरी पडल्या पडल्या त्याने व्हॉयझाँ बंधूंच्या जुन्या फ्रेंच विमान कारखान्याचा इतिहास वाचून काढला. तिथल्या मराठी मंडळींच्या १९८६च्या संमेलनात मुलीने, प्रतिमाने, तो मराठीत सांगावा, एवढीच त्याची इच्छा होती.

प्रतिमा जयपुरातच वाढलेली. माईकवर ती म्हणाली, "दोघा भावांनी उडायची चेष्टा केली. विमानं कोसळली, तरी चेष्टा सोडली नाही. माझे पापा, त्यांनीपण खूप चेष्टा केली, त्यात बोटं गेली."

"हणमंतराव, भलतेच चेष्टेखोर की तुम्ही!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

हणमंत मंचावर चढला आणि त्याने तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. त्याने पुन्हा मारलं.

"पापा, चेष्टा मतलब कोशिश!" ती किंचाळली. "शाळेत असंच शिकवतात!"

हणमंतचा हात खाली आला. "पुढचं सांग, बाळ," तो म्हणाला.

तिने रक्त पुसलं. त्याच कारखान्याच्या विमानांनी पहिल्या महायुद्धात बॉम्ब टाकले, माणसं मेली, आणि एक भाऊ आधीच वारल्यामुळे मागे उरलेल्या दुसऱ्याने विमानं बनवणंच सोडलं, हे तिने हिंदीत सांगितलं. घरीही ती बापाशी पुन्हा मराठीत बोलली नाही.